‘बटण दाबलं की खरखर गायब’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडी झोंबली, दुसऱ्यांदा तिच्यातला एक मुद्दा पटला. म्हणून उत्तर जरा लांबलंय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हेड (फितीवरचा आवाज वाचणारा यंत्राचा भाग) पुसा, स्क्रू फिरवा, फीत मागेपुढे करा हे सगळं मी उगाच वाढवून सांगतो. कॅसेट लावायची, कॉम्प्युटरवर घ्यायची, सॉफ्टवेअरमधलं खरखर काढायचं ‘नॉइज रिडक्शन’ दाबायचं, पाच मिनिटांत काम संपलं. शिवाय मी लिहिलं म्हणून तुम्ही डेकवरची, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रावरची, डॉल्बी बी (फितीची सूं-सूं कमी करणारी सोय) चालू केलीत, तर आवाज गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखा आला. तेव्हापासून ती बंदच आहे.

आधी डॉल्बीचं बघू, कारण तिथे चूक माझी आहे. ‘डॉल्बी लावली की सूं-सूं कमी होते’ एवढंच लिहून मी मोकळा झालो. ही अर्ध्या-अर्ध्या कामाची व्यवस्था आहे. रेकॉर्डिंग होतानाच वरच्या पट्टीतले बारीक आवाज मुद्दाम चढवून फितीवर लिहायचे आणि वाजवताना तेवढेच उतरवायचे. उतरवताना फितीची स्वतःची सूं-सूंही खाली येते, बी प्रकारात साधारण १० डेसिबल, १९८० साली आलेल्या सी प्रकारात साधारण २०. साध्या टेपरेकॉर्डरवर केलेल्या घरगुती रेकॉर्डिंगमध्ये चढवण्याचं काम झालेलंच नसतं. तिथे बटण दाबलं तर नुसतं उतरवणंच होतं. त्यामुळे अशा कॅसेटला तुम्ही डॉल्बी बंद ठेवता ते बरोबरच आहे.

पण कॅसेटवर डॉल्बीची खूण असेल आणि तरी आवाज दबका येत असेल, तर डॉल्बीला दोष देण्याआधी हेडकडे बघा. कॅसेटची फीत सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर सरकते. म्हणजे १०,००० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट फितीवर ४.७६ मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बसते. हेडवर साचलेल्या मळामुळे फीत अवघी एक मायक्रॉन उचलली गेली, तरी हा आवाज साडेअकरा डेसिबलच्या आसपास पडतो. डॉल्बीला वाटतं, मुळातच बारीक आहे, अजून उतरवा. चूक दुप्पट होते, आणि खापर फुटतं बटणावर.

हेडचा कोन, म्हणजे अ‍ॅझिमथ, किंचित कलला असेल तर आणखी पंचाईत. मूळ आवाजातला वरचा भाग पुसट होतो, पण फितीची सूं-सूं मात्र तेवढीच राहते. बोलणारा मागे सरकतो, खरखर तिथेच उभी. हे नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. मुळात जे आलंच नाही ते ओढून काढणार कुठून? डावा-उजवा दोन्ही चॅनेल मोनोमध्ये एकत्र करा, हेडचा कोन बदलणाऱ्या स्क्रूची मूळ जागा खुणेने टिपून घ्या आणि तो केसभर इकडेतिकडे फिरवा. कान सूं-सूंवर नको, बोलण्यातल्या ‘स’ आणि ‘श’वर ठेवा. ते जिथे सगळ्यात धारदार वाटतील तिथे थांबा. स्क्रूड्रायव्हर चुंबकीय नसावा.

आता पाच मिनिटांच्या कामाबद्दल. हा प्रयोग मी केलेला आहे, आणि चांगलाच अंगाशी आला. मावशीने आम्हा मुलांना सांगितलेली सशाची गोष्ट एका कॅसेटवर होती. काय काढायचं ते सॉफ्टवेअरला कळावं म्हणून सुरुवातीच्या शांत तुकड्यातून खरखरीचा नमुना घेतला, ती २४ डेसिबलने उतरवायला लावली, खरखर गेली. खूश होऊन सगळ्यांना पाठवलं. धाकट्या बहिणीने विचारलं, ‘मावशी पाण्यात बसून बोलत्येय का? आणि हा हहा कोण?’ ‘ससा’मधले दोन्ही ‘स’ खरखरीबरोबर वाहून गेले होते. कारण ‘स’ स्वतःच एक प्रकारची खरखर असते, यंत्राला दोन्ही एकाच जातीचे दिसतात.

शिवाय नमुनाही चुकीचा होता. कॅसेटच्या सुरुवातीची कोरी पट्टी नुसती प्लॅस्टिकची असते, तिच्यावर चुंबकीय लेप नसतो, मग तिथे फितीची सूं-सूं येणार कशी? नमुना दोन वाक्यांच्या मधल्या श्वासातून घ्यावा लागतो.

नशिबाने कॅसेट फेकली नव्हती. तिचे पाच स्क्रू काढले, तर फितीला हेडवर दाबणारी फेल्टची इवलीशी गादी निखळून कोपऱ्यात पडलेली. दुसऱ्या एका टाकाऊ कॅसेटची काढून बसवली. हेडवर अल्कोहोलची काडी फिरवली, ती गंजाच्या रंगाची होऊन बाहेर आली. पुन्हा कॉम्प्युटरवर घेतलं, सॉफ्टवेअरमध्ये फक्त ६ डेसिबल लावलं. सूं-सूं ऐकू येते, पण ससा ससाच आहे.

कधी हेड पुसलंच तर तुम्ही ते स्पिरिटने पुसता. त्यात तेल किंवा सुगंध मिसळलेला असेल तर त्याचा थर हेडवर राहतो. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपाइल घ्या. नेलपॉलिश काढायचं द्रव चुकूनही नको, ते प्लॅस्टिक खातं. पेन्सिलीने फीत फिरवण्याची तुम्ही केलेली थट्टा मान्य आहे, पण ती सैल पडलेली फीत ताणण्यापुरतीच सांगितली होती. वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट वाजवण्याआधी डेकवरच एकदा शेवटपर्यंत आणि परत गुंडाळून घ्यायची, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात.

एकच विनंती. तुम्ही ज्या कॅसेट साफ करून फक्त एमपी३ ठेवल्यात, त्यांच्या मूळ फिती अजून असतील तर टाकू नका. हेड पुसून त्यातली एक पुन्हा घ्या, या वेळी २४ बिट वेव्हमध्ये (एमपी३सारखं काही न गाळणाऱ्या फाइलमध्ये) आणि कसलंही बटण न दाबता. मग दोन्ही फाइली शेजारी ठेवून ऐका. काय ऐकू आलं ते कळवा, माझ्या विरोधात असलं तरी.

लेखातलं डॉल्बीचं वाक्य आज दुरुस्त केलं आहे.