गिऱ्हाइकाला न सांगता अॅक्टिव्हेटर टाकणं बंद करूया

गेल्या लग्नसराईत ओळखीतला एक फोटोग्राफर सीपीयू उचलूनच माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आला. चालू करून बघितलं तर प्रत्येक फोटोच्या नावाच्या शेवटी चार अक्षरं चिकटलेली, एकही उघडेना. फोल्डरमध्ये रीडमीची फाइल: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत आलात तर ४९०.

आदल्या रात्री त्याने एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे विकत न घेता चालवायची चोरटी आवृत्ती, टाकली होती. स्टॉप-डीजेव्हीयू हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइल लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, २०१८ पासून असाच क्रॅक आणि अॅक्टिव्हेटरमधून (लायसन्स न घेता विंडोज किंवा सॉफ्टवेअर चालू करून देणारं टूल) शिरत आलाय. तो प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबी भागच लॉक करतो, म्हणून मोठे व्हिडिओ बरेचसे वाचवता आले. फोटो गेले. नवरीच्या वडिलांना फोन करायला तो बाहेर पायरीवर जाऊन बसला, बराच वेळ आत आला नाही.

आता आमच्या धंद्याबद्दल. ‘३०० रुपयांत विंडोज मारून देतो’ म्हणायचं आणि गुपचूप अॅक्टिव्हेटर टाकायचा, हे मीही कित्येक वर्षं केलंय. केएमएसपिको नावाचा अॅक्टिव्हेटर पेनड्राइव्हमध्ये कायम असायचा. मोठ्या कंपन्या आपल्या सर्व्हरवरून शेकडो मशीन अॅक्टिव्हेट करतात, त्या सर्व्हरचं सोंग हे टूल तुमच्याच कॉम्प्युटरवर घेतं. अँटिव्हायरस ओरडतो. मग आम्ही सांगायचो, ‘काही नाही, ते असंच दाखवतं, डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) बंद करा.’ माझा सगळा राग या एका वाक्यावर आहे. आत खरा व्हायरस असला तरी तो हेच करायला सांगणार ना? लोकांना धोक्याची घंटा ऐकूनही गप्प बसायला आम्ही शिकवलं.

२०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीला केएमएसपिकोच्या बनावट इन्स्टॉलरमध्ये क्रिप्टबॉट हा माहिती चोरणारा व्हायरस सापडला. तो इन्स्टॉलर विंडोज खरंच अॅक्टिव्हेट करून द्यायचा आणि क्रिप्टबॉट मागच्या मागे ब्राउझरमधले पासवर्ड, क्रिप्टो वॉलेट, कुकीज (तुम्ही लॉगिन आहात हे लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलायचा. लॉगिनची कुकी चोरीला गेली की चोराला बऱ्याचदा ओटीपीही लागत नाही. गिऱ्हाईक मात्र खूश, काम झालं म्हणून.

असं काही टाकलं असेल तर मशीन फॉरमॅट करा, आणि त्याआधीच दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून जीमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा.

आणि धंद्यातल्या मित्रांनो, अॅक्टिव्हेट न केलेलं विंडोजही चालतं, अपडेटही येतात. सेटिंगमधून वॉलपेपर-थीम बदलता येत नाही आणि कोपऱ्यात पुसट अक्षरं दिसतात, एवढंच. पत्र-हिशेबाला लिब्रेऑफिस फुकट आहे. ती पुसट अक्षरं गिऱ्हाइकाला दाखवा, लायसन्सची किंमत सांगा. घ्यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.