मांडीवरचं बाळ आणि मावशीने पाठवलेला मेसेज

सुट्ट्या जवळ आल्या की हा मेसेज घरच्या ग्रुपवर फिरतोच. या वेळी मावशीने पाठवला. त्यात म्हटलंय: लहान मुलांची कार सीट, म्हणजे गाडीत बसवायचं पट्टेवालं छोटं आसन, हे परदेशी खूळ आहे, आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही, आपण सगळे असेच मोठे झालो. शहरात गाडी तीस-चाळीसच्या वर जातेच कुठे? गाडीला एअरबॅग आहेत, पाच स्टार आहेत. आणि गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवलं तर बाळाचे पाय मुडपतात.

तासाभरात धाकट्या बहिणीचा फोन. तिचं बाळ आठ महिन्यांचं, पुढच्या आठवड्यात पुण्याहून कोल्हापूरला जायचंय. "दादा, खरंच लागते का रे ती सीट?" तिला फोनवर सांगितलं तेच इथे नीट लिहितोय, कारण हा मेसेज वाचून सीट न घेणारी ती एकटी नसेल.

आधी मांडी. तिचं बाळ आठ किलोचं आहे. गाडी ताशी ५० च्या वेगात असताना धडकली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येकाला स्वतःच्या वजनाच्या सरासरी चौदापट जोर पुढे ओढतो, मधल्या एखाद्या क्षणी तर त्याहून जास्त. म्हणजे ते आठ किलोचं बाळ हातांना शंभर-एकशे दहा किलोंचं लागतं, सिमेंटची दोन पोती एकदम हिसडा मारून निघाल्यासारखं. आई कितीही घट्ट धरून बसली असली तरी तिच्या हातून ते सुटणारच. यात प्रेम कमी पडत नाही, स्नायूंची ताकदच तेवढी नसते. आईने स्वतः पट्टा लावला नसेल तर आणखी वाईट: तिचं पंचावन्न किलोंचं शरीर पाऊण टनाच्या जोराने बाळावर येतं आणि समोरच्या सीटमध्ये आणि आईमध्ये बाळ चिरडतं. दोघांना मिळून एकच पट्टा लावण्याची युक्ती बरेच जण सांगतात. तसं कधीही करू नका. त्यात पट्टा बाळावर, आणि बाळाच्या मागून आईचा सगळा भार.

"तीस-चाळीसच" याचंही उत्तर यातच आहे. ताशी ३० ने भिंतीवर आदळणं म्हणजे साडेतीन मीटरवरून, साधारण एका मजल्यावरून पडणं. ५० ला ती उंची दहा मीटरच्या आसपास जाते, म्हणजे तिसरा मजला. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बाळ खाली पडलं तर आपण "एवढंच ना" म्हणतो का?

आपण असेच मोठे झालो, हे खरं आहे. पण जे मोठे झाले नाहीत ते हा मेसेज पाठवायला ग्रुपवर नाहीत.

एअरबॅगबद्दल मात्र मला खरी भीती वाटते, कारण तिच्या भरवशावर लोक बाळाला पुढे घेऊन बसतात. एअरबॅग पट्टा लावलेल्या मोठ्या माणसासाठी बनवलेली असते आणि पापणी लवायच्या आत फुटून बाहेर येते. पुढच्या सीटवर मागे तोंड केलेली बाळाची सीट असेल तर तो सगळा तडाखा सीटच्या पाठीवर, म्हणजे थेट बाळाच्या डोक्यामागे बसतो. बाळाची जागा मागच्या सीटवर. आणि पाच स्टार? आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं, म्हणजे गाड्या मुद्दाम धडकवून त्यांना सुरक्षेचे तारे देणारी चाचणी. त्यात मुलांच्या सुरक्षेचे तारे देताना दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे कार सीटमध्येच बसवून गाडी धडकवतात. मांडीवरच्या बाळाला ते तारे लागू नाहीत.

पायांचा मुद्दा चुकीचा आहे, पण काळजीपोटी येतो. बाळं पाय दुमडून मजेत बसतात, पाहिलंय आपण. नाजूक असते ती मान. तान्ह्याचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळपास पाव असतं आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. तोंड पुढे असेल तर धडकेत खांदे पट्ट्याने अडतात आणि ते जड डोकं एकटं पुढे फेकलं जातं. तोंड मागे असेल तर पाठ, मान, डोकं सगळं एकदम सीटच्या पाठीत रुततं आणि जोर वाटला जातो. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी १९६४ साली हीच कल्पना सीटमध्ये आणली, अंतराळवीरांच्या आसनावरून. तिथे आजही बरीच मुलं चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करून बसतात. युरोपच्या नव्या नियमात किमान पंधरा महिने. मी तर म्हणेन, सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत वळवूच नका.

परदेशी खुळाचं म्हणाल, तर २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ बी वाचा. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाल-आसन नसेल तर हजार रुपये दंड.

खर्चाचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. सीट महाग असते आणि दोन-तीन वर्षांत लहान होते. पण कपहोल्डर, गोल फिरणारी बैठक अशा जादा सोयींचे पैसे वाचवा. लेबलवर सुरक्षा मानकाचा क्रमांक आणि बाळाचं वजन-उंची बसतेय का ते बघा. जुनी घ्यायचीच तर अशा घरातली, जिथली ती कधी अपघातात सापडली नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

आणि चांगली सीट सैल बसवली तर उपयोग नाही. गाडीचा पट्टा सीटमधून जिथून जातो तिथे सीट धरून हलवा, इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो अजून आवळायचाय. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघावेत. जाड स्वेटर काढून आधी पट्टे लावा, मग वरून पांघरूण.

रडेल ते, पहिले दोन-चार दिवस. म्हणून बहिणीला सांगितलंय, आत्तापासून रोज सोसायटीभोवती एक फेरी मार. कोल्हापूरच्या वाटेवर दर दीड-दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढ, कारण सीटमध्ये तासन्‌तास झोपवणंही बरं नाही. शनिवारी मी जाऊन सीट बसवून देणार आहे. मावशीलाही बोलावलंय, पट्टा तिच्याच हाताने आवळून घेईन.