स्पोरनसाठी फर निवडताना: सील, ससा आणि कृत्रिम फर यांवरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. स्पोरनच्या फरवरच्या माझ्या लेखावर दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. नव्या वाचकांसाठी: स्पोरन म्हणजे किल्टवर, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या घागऱ्यासारख्या पोशाखावर, कमरेला पुढे लटकवायची पिशवी. तुमचे आक्षेप तीन आहेत. सीलच्या विक्रीवर बंदी असताना तिच्या कातड्याला लेखात सगळ्यात वरची जागा दिली. ससा स्वस्त, मऊ आणि सहज मिळणारा असूनही त्याला बाजूला सारलं. आणि कृत्रिम फर मिळत असताना ही सगळी चर्चाच कशाला? सशापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

किल्टला खिसे नसतात, म्हणून पुढे ही पिशवी लटकवायची. चालताना ती मांड्यांवर आपटते, साखळीवरचे गोंडे दर पावलाला तिच्यावर हेलकावे खातात आणि झाकण उघडायला हात नेमका त्याच जागी जातो. ही फर सतत घासली जाणार, हे धरूनच कातडं निवडावं लागतं. बहुतेक फरमध्ये केसांचे दोन थर असतात: वर राठ, लांब केस आणि आत मऊ लव. घर्षण सोसतात ते वरचे राठ केस. सशाला लव भरपूर, पण राठ केस बारीक आणि कमजोर. शिवाय कातडं इतकं पातळ की टाक्याच्या रेषेवर फाटतं. पहिलं टक्कल कुठे पडतं तेही ठरलेलं: गोंड्यांच्या धातूच्या टोप्या जिथे टेकतात, बरोबर तिथे. दुकानात हात फिरवताना सशाची फर सगळ्यात छान वाटते, आणि तिथेच गिऱ्हाईक फसतं. ससाच हवा असेल तर मागून पातळ चामड्याचं अस्तर पूर्ण चिकटवा आणि गोंडे फरवर न येता चामड्याच्या झाकणावर येतील अशी रचना करा.

हरणाचंही तसंच. रंग देखणा, पण केस आतून पोकळ आणि ठिसूळ. वाकले की मोडतात आणि काळ्या किल्टजॅकेटवर त्यांचा सडा पडतो.

पहिला स्पोरन घेणाऱ्याला माझा सल्ला केसांसकट कमावलेल्या गाईच्या कातड्याचा. केस आखूड आणि घट्ट, कातडं मांसाच्या धंद्यातून आलेलं, कागदपत्रांची कटकट नाही. अडचण जाडीची. दोन मिलिमीटरचं कातडं शिवणीत दुमडलं की कडेला गाठोडं होतं. म्हणून कडेचा साधारण एक सेंटीमीटर पट्टा मागच्या बाजूने रापीने तासून निम्मा करावा. गाईचं कातडं नको असणारे आपल्याकडे पुष्कळ; त्यांनी बकरीचं घ्यावं. ते पातळ असतं, शिवायला सोपं जातं आणि केसही राठ असतात.

कापण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या प्रतिक्रियेत 'कात्रीने कापलं तर फर विरळ दिसते' असं आहे. बरोबर आहे, आणि दोष कात्रीचाच. नमुना कातड्याच्या मागच्या बाजूला पेनाने काढावा आणि धारदार पात्याने फक्त कातडं चिरावं, म्हणजे केस अख्खे राहतात. केसांचा कल वरून खाली हवा. उलटा लावला तर पावसाचं पाणी आत शिरतं आणि हात लागला की केस उभे राहतात. शिवताना केस आत सारावेत. शिवून झालं की टाक्यांत अडकलेले केस दाभणाच्या टोकाने एकेक बाहेर ओढावेत, मग शिवण दिसतच नाही. हे काम कंटाळवाणं आहे. स्वस्त स्पोरनमध्ये नेमकं तेच गाळलेलं असतं.

आता सील. तिला वरची जागा दिली ती केसांच्या गुणामुळे: आखूड, ताठ, अंगासरशी चपटे, आत लव अगदी कमी. पाणी ओघळून जातं, गुंता होत नाही. कायद्याचा परिच्छेद त्याच लेखात होता, तरी पुन्हा सांगतो. युरोपीय संघाने 2009च्या नियमाने सीलच्या उत्पादनांच्या विक्रीवर बंदी घातली आणि ती 2010मध्ये लागू झाली. इन्युइट आणि इतर आदिवासी समाजांच्या पारंपरिक शिकारीतून आलेल्या, प्रमाणपत्र असलेल्या मालाला सूट आहे. बंदीचा रोख विक्रीवर आहे. आजोबांचा जुना स्पोरन घालणाऱ्याला त्या नियमाने अडवलेलं नाही. अमेरिकेचं मात्र वेगळं. तिथल्या 1972च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यामुळे सीलचा स्पोरन विमानतळावर जप्त होऊ शकतो. तिकडच्या लग्नाला जाताना चामड्याचा साधा स्पोरन न्यावा. प्रमाणपत्र मिळत नसेल तर नवीन सील घेऊच नये, हेच माझं मत तेव्हाही होतं.

बिज्जूच्या (बॅजरच्या) तोंडाचं अख्खं कातडं झाकणावर लावलेला स्पोरन आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीच्या अधिकाऱ्यांमुळे ओळखीचा झाला. ब्रिटनमध्ये 1992च्या बिज्जू संरक्षण कायद्याने त्या प्राण्याचे अवयव बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, प्राणी बेकायदा मारलेला नव्हता हे दाखवता आलं नाही तर. युरोपीय पाणमांजर साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, म्हणजे विषयच संपला. भारतात आणायचा विचार असेल तर लक्षात ठेवा: मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरच्या आयातीवर भारताने जानेवारी 2017मध्ये बंदी घातली.

कृत्रिम फरला माझा तत्त्वतः विरोध नाही. मुलांसाठी, नाटकासाठी, एका समारंभासाठी ती उत्तम. पण ती विणलेल्या कापडावर उभ्या केलेल्या अॅक्रिलिक धाग्यांची असते. घर्षणाने टोकं गुंततात, इस्त्री किंवा हीटरजवळ वितळून गोळा होतात, आणि एकदा गुंतलेली फर विंचरून पूर्ववत होत नाही. प्राण्यांची फर नको, हे कारण पुरेसं आहे; पण मग साध्या चामड्याचा स्पोरन घ्या, किंवा चामडंही नको असेल तर कापडाचा. 'खऱ्यासारखीच टिकते' हे विधान मात्र मान्य नाही.

घोड्याच्या केसांचा लांब स्पोरन या तुलनेत बसतच नाही, तो बँडवाल्यांचा. स्कॉटिश पलटणींपैकी ब्लॅक वॉचचा पांढरा आणि पाच काळ्या गोंड्यांचा, कॅमेरन हायलँडर्सचा काळा आणि दोन पांढऱ्या गोंड्यांचा असायचा. तो विंचरायचा तर खालच्या टोकाकडून वर सरकत. वरून ओढलं तर केस मुळासकट हातात येतात.

शेवटी, फरला कसर लागू नये म्हणून काय करावं, हा तुमचा प्रश्न. डांबरगोळ्यांवर विसंबू नका. स्पोरन प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कातड्यावर दव जमतं. भिजला तर झटकून सावलीत टांगा, हेअर ड्रायर लावू नका. तुरटीने कमावलेलं कातडं असेल तर जास्तच सांभाळा, कारण पाण्यात तुरटी धुऊन जाते आणि वाळल्यावर कातडं पुठ्ठ्यासारखं कडक होतं. विकत घेतानाच 'क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलंय का' हे विचारा. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर दुसरीकडे बघा.