बोर्मिओतील ते अकरा थ्री-पॉइंटर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

इटलीतील बोर्मिओ येथे झालेल्या १९८७ च्या कुमार गटाच्या विश्व अजिंक्यपद बास्केटबॉल स्पर्धेवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : युगोस्लाव्हियाच्या टोनी कुकोचचा तो गाजलेला खेळ मी चुकीच्या सामन्यात घातला, अमेरिकेने दुय्यम संघ पाठवला असताना युगोस्लाव्हियाच्या विजयाचे नको इतके कौतुक केले, आणि पोरांच्या स्पर्धेतल्या पदकाला, तेही आज नकाशावर नसलेल्या देशाच्या, एवढे महत्त्व देण्यात हळवेपणाशिवाय काही नाही.

पहिला आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे. कुकोचने बारापैकी अकरा थ्री-पॉइंटर (तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेकलेले चेंडू) बास्केटमध्ये टाकले ते अंतिम सामन्यात नव्हे, तर आधीच्या साखळी फेरीत. तो सामना युगोस्लाव्हियाने अमेरिकेविरुद्ध ११०-९५ असा जिंकला होता. मूळ लेखातील वाक्य मी आज दुरुस्त केले आहे. मात्र ही दुरुस्ती केल्यावर माझा मुद्दा दुबळा होत नाही, उलट बळकट होतो, असे मला वाटते. एखाद्या संघाला एका मुलाच्या भरात आलेल्या हाताने एकदा हरवले, तर त्याला योगायोग म्हणता येईल. पण पंधरा गुणांनी हरल्यानंतर, प्रतिस्पर्ध्याची ताकद नेमकी कशात आहे हे ठाऊक असताना, अमेरिका अंतिम सामन्यात पुन्हा त्याच संघासमोर उभी राहिली आणि ८६-७६ अशी पुन्हा हरली. याला योगायोग कसे म्हणावे?

आता 'दुय्यम संघ' या शब्दांविषयी. त्या संघात लॅरी जॉन्सन, गॅरी पेटन आणि स्टेसी ऑगमन होते. पुढे एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगच्या १९९० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पेटन दुसऱ्या क्रमांकावर आणि १९९१ मध्ये जॉन्सन पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी पुढच्याच एप्रिलमध्ये कॅन्सस विद्यापीठाला महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळवून दिले. शिवाय त्या काळी एनबीएच्या खेळाडूंना आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळता येत नसल्यामुळे अमेरिकेचा वरिष्ठ संघही महाविद्यालयीन मुलांमधूनच उभा राहत असे. ऑगमन १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये त्याच वरिष्ठ संघातून खेळला. तिथे अमेरिकेला कांस्यपदक मिळाले आणि रौप्यपदक युगोस्लाव्हियाने नेले, ज्या संघात दिवाच, कुकोच आणि राद्जा हे बोर्मिओचे तिघे होते.

खरे तर बोर्मिओत काय घडले हे समजून घ्यायचे असेल, तर नावांपेक्षा मैदानावरील एका रेषेकडे पाहावे लागते. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेषा १९८४ मध्ये आली, बास्केटपासून ६.२५ मीटरवर. अमेरिकी महाविद्यालयांनी ती सर्वत्र लागू केली १९८६-८७ च्या हंगामात, आणि तीही जवळ, सुमारे सहा मीटरवर. म्हणजे बोर्मिओला आलेल्या अमेरिकी मुलांना त्या रेषेची फार तर एका हंगामाची ओळख होती, तर युगोस्लाव्ह मुलांनी आपल्या घडणीची ऐन वर्षे तिच्याभोवती काढलेली होती. त्यातच कुकोच जवळजवळ सहा फूट अकरा इंच उंच. एवढ्या उंच मुलाने बास्केटखाली उभे राहून रिबाउंड गोळा करायचे, ही तेव्हाची सर्वमान्य रीत. इथे मात्र तो बाहेर उभा राहून फेकत होता आणि चेंडू घेऊन गार्डासारखा, म्हणजे खेळ रचणाऱ्या लहान चणीच्या खेळाडूसारखा, पुढेही येत होता. त्याच्यावर लहान चणीचा खेळाडू ठेवला तर तो डोक्यावरून फेकणार, उंच खेळाडू बाहेर काढला तर बास्केटखालची जागा दिवाच आणि राद्जा यांना मोकळी मिळणार. ११०-९५ च्या त्या सामन्यात त्याचे ३७ गुण झाले, त्यांतील ३३ रेषेबाहेरून. हा आकडा लिहिताना आजही माझा हात क्षणभर थांबतो.

युगोस्लाव्हियाचे प्रशिक्षक स्वेतिस्लाव पेशिच यांची रचना माझ्या लेखात फारच थोडक्यात आली. अलेक्झांडर जॉर्जेविचसारखा गार्ड संघात असताना त्यांनी खेळाची सूत्रे एकाच्याच हाती ठेवली नाहीत आणि दिवाचसारख्या धिप्पाड सेंटरला, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या खेळाडूला, पास देण्याची मोकळीक दिली, हे सविस्तर लिहायला हवे होते.

कुमार गटाचे पदक म्हणजे भविष्यवाणी नव्हे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. १९९९ मध्ये लिस्बनला स्पेनने अमेरिकेला हरवून हे विजेतेपद जिंकले, तेव्हा पुढे एनबीए गाजवणाऱ्या पाव गासोलच्या वाट्याला खेळ फार थोडा आला होता. २००७ मध्ये नोवी सादला सर्बियाने अमेरिकेला ७४-६९ असे हरवले, आणि हरलेल्या संघात पुढे एनबीएचा मोठा तारा झालेला स्टीफन करी होता. तेव्हा पदक पाहून कोणाचे पुढे काय होईल हे सांगता येत नाही. पण म्हणून त्या वयात, त्या मैदानावर जे खेळले गेले त्याची किंमत शून्य ठरते, हे मला पटत नाही. कुकोच पुढे एनबीएतील शिकागोच्या संघाकडून एकदाही खेळला नसता, तरी ते अकरा थ्री-पॉइंटर अकराच राहिले असते.

राहिला देशाचा प्रश्न. दिवाच आणि जॉर्जेविच सर्बियाचे, कुकोच आणि राद्जा क्रोएशियातील स्प्लिटचे. चार वर्षांत देश फुटला, युद्ध पेटले. १९९५ मध्ये अथेन्सला युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात जॉर्जेविचने लिथुआनियाविरुद्ध ४१ गुण केले आणि बेलग्रेडच्या, आता लहान झालेल्या युगोस्लाव्हियाने सुवर्ण जिंकले. क्रोएशिया तिसरा आला. पदके दिली जात असताना सुवर्णविजेत्यांची पाळी येण्याआधी क्रोएशियाचे खेळाडू मंचावरून उतरून निघून गेले. सर्वांत वरच्या पायरीवर दिवाच आणि जॉर्जेविच यायचे होते. निघून गेलेल्या संघात कुकोच आणि राद्जा होते. बोर्मिओत हे चौघे एकाच पायरीवर उभे होते. आपण याला हळवेपणा म्हणता, आणि तो माझ्या लेखात आहे, हे मी नाकारत नाही. त्या आठ वर्षांत या चौघांनी काय गमावले हे ठाऊक असताना बोर्मिओविषयी मला दुसऱ्या कुठल्या सुरात लिहिता आले नसते.