केमो, हिमोग्लोबिन आणि बिटाचा रस

एक संदेश सगळीकडे फिरतो आहे: "केमो सुरू असताना रोज बिटाचा रस, लोहाची गोळी आणि फॉलिक अ‍ॅसिड घ्या. हिमोग्लोबिन घसरणारच नाही, रक्त चढवावं लागणार नाही." हा सल्ला मनापासून दिलेला असला तरी पेशंटला तो महागात पडू शकतो.

आधी बिटाचा रस. 100 ग्रॅम बिटात लोह जेमतेम 1 मिलिग्रॅम असतं, तेही नीट शोषलं जात नाही. बिटाच्या लाल रंगाचा लोहाशी संबंध नाही. खायला हरकत नाही, पण तो उपचार नव्हे. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग पटकन होतो, तेव्हा उघडा ठेवलेला कच्चा रस मात्र टाळाच.

"लोहाची गोळी घेतली की रक्त वाढतं." लोह खरोखरच कमी असेल तर वाढतं. पण केमोमध्ये हिमोग्लोबिन घसरण्याची कारणं अनेक असतात. औषधं अस्थिमज्जेतलं (हाडांच्या आतल्या मगजातलं) तांबड्या पेशींचं उत्पादनच दाबतात. या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, म्हणून घसरण केमोच्या पहिल्या सायकलमध्ये (फेरीत) फारशी दिसत नाही, पुढे साचत जाते. सिस्प्लाटिन या केमोच्या औषधाने मूत्रपिंडाला इजा झाली तर एरिथ्रोपोएटिन, म्हणजे तांबड्या पेशी बनवायला लावणारं मूत्रपिंडातलं संप्रेरक, कमी पडतं. शिवाय कॅन्सरमुळे शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असला की यकृतातून हेप्सिडिन हे लोहावर नियंत्रण ठेवणारं संप्रेरक जास्त सुटतं. ते आतड्यातून लोह शोषू देत नाही आणि साठ्यातलं लोहही अडवून धरतं. अशा वेळी गोळीचा उपयोग फार थोडा, बद्धकोष्ठ मात्र होऊ शकतं.

म्हणून गोळीआधी तपासण्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह), बी12, फोलेट (फॉलिक अ‍ॅसिडचं जीवनसत्त्व), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम). दाहात फेरिटिन फसवं वाढतं; ते नॉर्मल आलं तरी सॅच्युरेशन 20 टक्क्यांखाली असेल तर लोह अडकलेलं असू शकतं. तिथे शिरेतून लोह देण्याचा विचार होतो, पण जंतुसंसर्ग चालू असताना नाही.

फॉलिक अ‍ॅसिडचा सल्ला सर्वांत धोक्याचा. कॅपेसिटाबिन किंवा फ्लुरोयुरॅसिल ही केमोची औषधं चालू असताना ते घेतलं तर जुलाब आणि तोंडातले फोड वाढू शकतात. उलट पेमेट्रेक्सेड या दुसऱ्या केमो औषधासोबत ते द्यावंच लागतं: रोज 350 ते 1000 मायक्रोग्रॅम, पहिल्या डोसच्या आठवडाभर आधीपासून, जोडीला बी12चं इंजेक्शन. एकच गोळी एकाला तारते, दुसऱ्याला बाधते. कोणती केमो आहे हे त्या संदेशाने विचारलेलंच नाही.

"रक्त चढवावं लागणार नाही" अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. साधारणपणे हिमोग्लोबिन 7-8 ग्रॅमच्या (दर 100 मिली रक्तात) खाली गेलं किंवा त्याआधीच धाप, छातीत दुखणं असा त्रास झाला तर रक्त देतात; एका पिशवीने ते सुमारे 1 ग्रॅमने वाढतं. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं रक्ताची गरज कमी करतात, पण गुठळ्यांचा धोका वाढवतात आणि आजार पूर्ण बरा करण्यासाठी केमो चालू असेल तेव्हा सहसा टाळतात.

आणि लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं. ते डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधीयुक्त असेल तर आतला रक्तस्राव समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा.