जोडप्रवाशाचा विचार कुठे आहे?

एका शहरात दोन विमानतळ असतील तर लांब पल्ल्याची उड्डाणे एकावरून आणि जवळची दुसऱ्यावरून सोडावीत, अशी विभागणी सुचवणाऱ्या लेखात ती 'सुटसुटीत' म्हटली आहे. मला ती मुळातच चुकीची वाटते. लांब पल्ल्याचं विमान केवळ त्या शहरातल्या प्रवाशांवर क्वचितच भरतं. लहान गावांतून येऊन, विमान बदलून पुढे जाणारे, म्हणजे जोडप्रवासी, त्यात बरेच असतात. त्यांना सामान घेऊन शहर ओलांडायला लावलं, तर ते दुसऱ्याच शहरामार्गे जातात.

कॅनडातल्या माँट्रियालचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९७५ मध्ये तिथे मिराबेल हा नवा विमानतळ सुरू झाला. अमेरिका सोडून बाकी आंतरराष्ट्रीय उड्डाणे तिकडे गेली, देशांतर्गत आणि अमेरिकेची डोर्व्हाल या जुन्या विमानतळावरच राहिली. जोडप्रवास तुटला. १९९७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणे डोर्व्हालला परतू लागली आणि २००४ मध्ये मिराबेलची प्रवासी सेवा बंदच झाली. टोकियोतही बहुतेक आंतरराष्ट्रीय उड्डाणे नारिता विमानतळावर आणि देशांतर्गत हानेदावर अशी वाटणी होती; २०१० मध्ये चौथी धावपट्टी आणि नवं टर्मिनल झाल्यावर हानेदावरून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे पुन्हा वाढली.

विमान कंपनीचाही खर्च वाढतो: राखीव विमान, राखीव कर्मचारी, देखभालीची माणसं, सगळं दोन्हीकडे. एका ठिकाणी विमान बिघडलं तर दुसरीकडचं चटकन आणता येत नाही.

वाटणी करायचीच तर अंतरावर करू नका, प्रवासी बघून करा. जिथे बहुतेक लोक त्या शहरापुरतेच येतात-जातात, ते मार्ग शहराजवळच्या विमानतळावर ठेवा. जोडप्रवास असलेले सगळे मार्ग, जवळचे असोत की लांबचे, एकाच विमानतळावर हवेत.