गोळी होणारा किडा माती ‘शुद्ध’ करतो? फोटोतले काळे ठिपके नीट बघा

पाऊस लागला की खानापूर-जांबोटीकडे कुठलीही कुंडी उचला, खाली राखाडी किडे (इंग्रजीत वुडलाउस) पळताना दिसतात. बोट लावलं की त्यातले काही गोळी होतात. त्यांच्याबद्दलचा एक मेसेज निपाणीपासून लोंढ्यापर्यंत फिरतोय: ‘हा किडा शिसं, कॅडमियम असे विषारी धातू खातो आणि माती शुद्ध करतो. परसात मूठभर सोडा. पुरावा: इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो, त्यातले काळे ठिपके म्हणजे शिसं.’ माझ्याकडे तो चार वेळा आला. शेवटी मामांनी लिहिलं, ‘तू लॅबवाला, खरं काय ते सांग की.’

आधी किडा कुठला ते बघू. मेसेजमध्ये किड्याचा म्हणून दाखवलेला सुपारीएवढा चकचकीत प्राणी म्हणजे आपल्या घाटातली गोळी होणारी वाणी (मिलिपीड). तिला बहुतेक कड्यांवर पायांच्या दोन-दोन जोड्या. आपल्या राखाडी किड्याला एकूण सातच जोड्या, आणि तो खेकडा-झिंग्याच्या भावकीतला.

‘धातू खातो.’ खातो तो कुजका पालापाचोळा. धातू त्यासोबत पोटात जातो. शिवाय तांबं त्याला लागतंच. आपलं रक्त लोहावर चालतं, त्याचं तांब्यावर. म्हणून मिळेल तेव्हा तो ते साठवून ठेवतो.

साठवतो कुठे, तर पाचकग्रंथीत. खेकड्याचं कवच उघडल्यावर मऊ, तपकिरी-पिवळट गर लागतो ना, तीच ही ग्रंथी. या किड्यात ती बहुधा चार बारीक नळ्यांची असते. नळीच्या भिंतीत दोन तऱ्हेच्या पेशी: मोठ्या, पोकळीत फुगून आलेल्या, चरबीच्या थेंबांनी भरलेल्या, आणि त्यांच्यामध्ये दबून बसलेल्या लहान. तांबं, शिसं, कॅडमियम मुख्यतः या लहान पेशींतल्या कणांत कोंडलं जातं. इथवर मेसेज सत्याच्या जवळ आहे.

पण ‘काळे ठिपके म्हणजे शिसं’ हे वाचून मी हसलो. या मायक्रोस्कोपमध्ये इलेक्ट्रॉन जिथे अडतात ते काळं दिसतं, एवढंच. नमुना तयार करताना आपण स्वतःच त्यात ऑस्मियम हा जड धातू घालतो, ते चरबीला धरतं. मग राळेत बसवून साधारण 70 नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाएवढा काप काढतो आणि तो नेहमीच्या पद्धतीत युरेनियमच्या व चक्क शिशाच्या क्षाराने रंगवतो. मग फोटोतलं शिसं किड्याचं की आमच्या बाटलीतलं? धातू ओळखायचा तर न रंगवलेला काप घेऊन, त्या एकेका कणावर इलेक्ट्रॉनचा झोत टाकून निघणारे क्ष-किरण मोजावे लागतात. प्रत्येक मूलद्रव्याचे ते वेगळे. त्यातही एक गंमत: काप ठेवायची जाळी बहुधा तांब्याचीच असते. तांबं शोधायला बसलात आणि जाळी बदलायला विसरलात, तर सगळीकडे तांबंच सापडणार! मेसेजमधल्या फोटोसोबत यातली एकही नोंद नाही. फोटोतली वस्तू प्रत्यक्षात केवढी ते दाखवणारी साधी मोजपट्टीसुद्धा नाही.

आणखी एक: मोठ्या पेशी दिवसभर सारख्या दिसत नाहीत. रस सोडणं आणि अन्न शोषणं यांचा त्यांचा रोजचा फेरा असतो, त्यात त्या फुगतात आणि ओसरतात. उपाशी किड्यात चरबीचे थेंबही आटतात. त्यामुळे एका फोटोवरून ‘विषाचा परिणाम’ सांगणंही धाडसाचंच.

आता मुख्य दावा, ‘माती शुद्ध होते.’ शिसं हे मूलद्रव्य आहे, ते पचून नाहीसं होत नाही. किडा मेला की ते पुन्हा मातीत. कोळ्याने किंवा पक्ष्याने टिपला तर त्याच्या पोटात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ एव्हनमाउथला जस्त-शिशाची भट्टी होती. तिथल्या या किड्यांच्या ग्रंथी धातूंनी भरलेल्या सापडल्या. म्हणून तिथली माती काही निवळली नाही. उलट भट्टीजवळच्या झाडीत न कुजलेल्या पाल्याचे थर साचले, कारण पाला कुजवणाऱ्यांचंच काम मंदावलं होतं. धातूचं प्रमाण किती, याचा अंदाज या किड्यांवरून घेता येतो. संशोधक त्यांना वापरतात ते त्यासाठी.

‘मूठभर सोडा’ यावर काय बोलणार! कंपोस्टच्या खड्ड्यात ते चांगलेच. कोवळी रोपं कधीमधी कुरतडतात.

मामा, तुमच्या परसात सोडायची गरज नाही. नारळाच्या सोडणांचा ढीग हलवून बघा, आधीपासूनच असतील. आणि मातीत शिसं असल्याचा संशय असेल, तर माती तपासायला देताना जड धातूंची तपासणी वेगळी मागून घ्या. नेहमीच्या नत्र-स्फुरद-पालाशच्या अहवालात ते आकडे नसतात.